गोष्टीचा दुसरा खेळाडू

गेल्या उन्हाळी सुट्टीत माझ्या धाकट्या मुलाने एक प्रश्न विचारला. "अब्बा, ज्या गेममध्ये चांगली स्टोरी असते तो एकट्यानेच का खेळायचा असतो? आणि चार दोस्त मिळून खेळायचा असला की त्यात स्टोरी का नसते?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गेममधलं मला फारसं कळत नाही. पण प्रश्न गोष्टीचा होता, आणि गोष्ट हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून मी वाचायला बसलो. जे हाती लागलं ते या लेखात मांडतो आहे. वाचकांपैकी ज्यांना गेम म्हणजे मुलांचा वेळ खाणारी चीज एवढंच वाटतं, त्यांनीही थोडा धीर धरावा. हा इतिहास आपल्या दास्तानांपासून फार लांब नाही.

आधी शब्द समजून घेऊ. सिंगल प्लेयर म्हणजे एकट्याने खेळायचा खेळ. मल्टिप्लेयर म्हणजे अनेकांनी, बहुतेक वेळा इंटरनेटवरून, एकत्र खेळायचा. रोल प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हा एक खास प्रकार. यात आपण एका पात्राची भूमिका घेतो, त्याला नाव देतो, त्याच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो आणि गोष्ट त्याप्रमाणे वळते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अशा गोष्टीच्या खेळांना मल्टिप्लेयर जोडायचे अनेक प्रयत्न झाले. काही साधले, काही फसले. माझ्या मुलाचा प्रश्न नेमका इथेच येतो.

वाचताना पहिला धक्का बसला तो असा, की हा खेळ मुळात एकट्याचा नव्हताच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. त्यात कॉम्प्युटर नव्हता. एक टेबल, कागद, पेन्सिल, फासे आणि भोवती बसलेली चार-सहा माणसं. त्यातला एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे एकेक पात्र होणार. सांगणारा म्हणतो, समोर गुहा आहे, आत उजेड दिसतो आहे. ऐकणारे सांगतात, आम्ही आत जातो. फासा पडतो आणि गोष्ट पुढे सरकते. सगळ्या आरपीजींचं मूळ हे टेबल.

मग हा खेळ कॉम्प्युटरवर आला आणि एकट्याचा झाला. कारण साधं होतं. त्या काळात घरातला कॉम्प्युटर एकटाच असायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेला नसायचा. १९८१ साली आलेले 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे खेळ अशा एकट्या माणसासाठी होते. टेबलाभोवतीचे दोस्त गेले आणि गोष्ट सांगणाऱ्याची जागा यंत्राने घेतली. अपवाद होते. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचा खेळ लिहिला. त्यात फक्त अक्षरं होती, पण अनेक जण एकाच वेळी त्या जगात फिरू शकत. तरी सर्वसामान्य खेळणाऱ्यासाठी पुढची पंधरा-वीस वर्षं आरपीजी म्हणजे एकांतच होता.

म्हणून गोष्टीच्या खेळाला मल्टिप्लेयर जोडणं ही नवी युक्ती म्हणता येत नाही. हरवलेलं टेबल परत मांडायचा तो प्रयत्न आहे.

आपल्याकडे हा प्रवास कसा झाला ते बघा. दास्ताने अमीर हमजा एकेकाळी मैफलीत ऐकायची चीज होती. बादशाह अकबराला या दास्तानीचा फार शौक होता. त्याने हमजानामाची सुमारे चौदाशे चित्रं कापडावर काढून घेतली आणि त्या कामाला पंधराएक वर्षं लागली. चित्राच्या मागे मजकूर लिहिलेला असे, म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी चित्र बघत ऐकायचं. पुढे १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर प्रेसने तिलिस्मे होशरुबा आणि हमजाच्या इतर दास्तानी छापायला घेतल्या. शेवटी एकूण ४६ जाडजूड खंड झाले. गोष्ट पुस्तकात आली आणि माणूस ती एकटा वाचू लागला. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि मैफल मोडली.

ती परत मांडली गेली २००५ साली. शम्सुर्रहमान फारूकी यांनी या दास्तानींचा आयुष्यभर अभ्यास केला होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारूकी यांनी दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली. पण परत आणताना एक बदल केला. जुना दास्तानगो एकटा बसायचा, या नव्या प्रयोगात दोघे बसतात. एक सांगतो, दुसरा दाद देतो, टोकतो, धागा उचलून पुढे नेतो. माझ्या मुलाच्या भाषेत सांगायचं तर सिंगल प्लेयर दास्तानीला मल्टिप्लेयर जोडलं आणि दास्तान जगली.

मग गेममध्ये हे इतकं अवघड का गेलं? मला त्याची कारणं तीन-चार उदाहरणांत सापडली.

पहिलं उदाहरण 'अल्टिमा'चं. एकट्याने खेळायच्या या मालिकेत लॉर्ड ब्रिटिश नावाचा राजा आहे. तो म्हणजे खेळाचे कर्ते रिचर्ड गॅरियट यांचंच रूप. १९९७ साली याच जगाचा इंटरनेटवर हजारोंनी खेळायचा अवतार आला, 'अल्टिमा ऑनलाइन'. खेळ बाजारात येण्याआधी, ऑगस्टमध्ये, चाचणी चालू असताना गॅरियट स्वतः राजाच्या वेशात प्रजेसमोर आले. गर्दीतल्या एका खेळाडूने जादूची आग टाकली आणि राजा मेला. ज्याने जग रचलं त्यालाच त्या जगात एका अनोळखी माणसाने मारलं. गोष्ट सांगणाऱ्याचा हुकूम गर्दीत चालत नाही, हे त्या दिवशी कळलं.

दुसरं 'मास इफेक्ट ३', मार्च २०१२. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीचा हा खेळ. एका नायकाची तीन भागांत चालणारी मोठी कहाणी, पूर्ण एकट्याची. तिसऱ्या भागात त्यांनी चौघांनी मिळून लढायचा मल्टिप्लेयर जोडला. लढाया मजेदार होत्या, त्यांचे चाहते आजही आहेत. पण अडचण वेगळीच होती. नायक शेवटच्या युद्धासाठी जे सैन्य जमवतो, त्याचं बळ मल्टिप्लेयर न खेळणाऱ्यासाठी अर्धंच धरलं जायचं. वर्षानुवर्षं एकट्याने गोष्ट जगलेल्या माणसाला सांगितलं गेलं की शेवट पूर्ण हवा असेल तर आधी अनोळखी लोकांबरोबर लढून ये. शेवटावरून लोक आधीच नाराज होते, त्यात ही भर पडली. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला आणि लागणारं बळही कमी केलं. २०२१ साली तिन्ही भाग नव्याने एकत्र आले तेव्हा मल्टिप्लेयर गाळलेलाच होता.

तिसरं 'फॉलआउट ७६', नोव्हेंबर २०१८. ही मालिकाही एकट्याची, ओसाड जगात भेटणाऱ्या माणसांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध. हा भाग मात्र सर्वांनी मिळून खेळायचा केला. खेळणारी माणसंच इतकी असतील तर गोष्टीतली माणसं कशाला, असा विचार झाला आणि त्या जगात बोलणारी मानवी पात्रंच ठेवली नाहीत. गोष्ट कशी कळणार? मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून आणि ध्वनिमुद्रणांतून. लोकांना ते जग रिकामं वाटलं. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने माणसं परत आणली. मैफलीत श्रोते भरपूर होते, पण दास्तानगोलाच घरी पाठवलं होतं. ती कशी रंगणार!

आपल्या देशातही हे घडलं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. त्या पोकळीत बंगळुरूच्या एनकोअर गेम्सने 'फौजी' आणला, २६ जानेवारी २०२१ रोजी. सुरुवातीला त्यात गलवान खोऱ्याची एकट्याने खेळायची मोहीम तेवढी होती. पबजीची सवय असलेल्या पोरांना दोस्तांबरोबर खेळायचं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये दोन गटांच्या लढाईचा मल्टिप्लेयर जोडावा लागला. इथे गोष्टीला मल्टिप्लेयर जोडण्यापेक्षा मागणीपुढे गोष्ट बाजूला पडली, असंच म्हणावं लागेल.

आणि आपल्या पुण्याचं काय? नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा गेम केला. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो पुरा पडला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला. सर्कशीत काम करणारी राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला शोधते, अशी कथा. ती पूर्ण एकट्याने खेळायची. पहाडी चित्रशैलीसारखी रंगसंगती, राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती, सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेली कथा. हा आरपीजी नाही, पण गोष्टीवर चालणारा खेळ नक्की आहे. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांत त्याला नामांकन मिळालं. बक्षीस मात्र 'फॅस्मोफोबिया'ला गेलं, म्हणजे चौघांनी मिळून भुतं शोधायच्या खेळाला. ते साल टाळेबंदीचं होतं. घरात कोंडलेल्या माणसाला सोबत हवी होती, हे मी समजू शकतो.

माझ्या मुलाने 'राजी' खेळला तेव्हा मी मागे उभा राहून थोडा वेळ बघितला. एक गोष्ट मला फार आवडली. खेळणारा एकटा, नायिका एकटी, पण कथा सांगणारे दोघे आहेत. दुर्गा आणि विष्णू वरून बघतात, एकमेकांशी बोलतात, मुलीची काळजी करतात, आपसात वादही घालतात. म्हणजे पुण्याच्या त्या लोकांनीही, ठाऊक असो वा नसो, दोन दास्तानगो बसवले.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हा लेख अपुरा राहील.

मुलगा आधी मोबाइलवर मल्टिप्लेयर गेम खेळायचा. कोणता ते सांगण्यात अर्थ नाही, सगळीकडे तेच घडतं असं इतर पालकही सांगतात. आमच्या मांजर्लीतल्या इमारतीतली तीन-चार मुलं मिळून एक गट करायची, बाकीचे अनोळखी. एका संध्याकाळी अनोळखीपैकी कुणीतरी त्याचं नाव ऐकलं. मग जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. कुठे जा म्हणून सांगतात ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. मुलाने हेडफोन काढून ठेवला. मला काही दिवसांनी कळलं. त्याला त्या अनोळखी पोराचं फारसं वाटलं नव्हतं. "अब्बा, वरच्या मजल्यावरचा माझा दोस्त पण लाइनवर होता. तो काहीच बोलला नाही."

त्यानंतर त्याने मल्टिप्लेयरमधलं नाव बदललं. कुठल्याच धर्माचं नसलेलं, आकडे जोडलेलं एक नाव घेतलं. हळूहळू ते खेळणंही सोडलं आणि एकट्याच्या गोष्टींच्या खेळांकडे वळला. मी एकदा सहज विचारलं, एकटाच काय बसतोस? तो म्हणाला, "तिथे कुणी नाव विचारत नाही. नाव मीच ठेवतो."

त्याने आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल असा एक जुना खेळ मिळवला होता, १९९८ सालचा 'बाल्डर्स गेट'. तोही बायोवेअरचाच. ही कंपनी सुरू करणारे तिघे पेशाने डॉक्टर होते. मी पडद्यावर बघितलं, तर नायकाचं नाव माझ्या मरहूम वडिलांचं. त्याच्या दादाचं. जे नाव चारचौघांत लपवावं लागलं त्या घराण्याचं नाव त्याने एकांतात नायकाला दिलं होतं. मी काही बोललो नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

तेव्हापासून मी विचार करतो आहे की टेबल आणि इंटरनेट यांत नेमका फरक काय. टेबलाभोवतीही माणसंच होती, आणि माणसं सगळीकडे सारखीच. फरक असा की टेबलाला एक यजमान होता. गोष्ट सांगणारा. तो म्हणू शकायचा, माझ्या घरात असं बोलायचं नाही. मी बीएड करत होतो तेव्हा बदलापूर स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत मुलं एकाच खोलीत दहा कॉम्प्युटर जोडून गेम खेळायची. शिव्याही द्यायची. पण मालक काउंटरवरून एकदा ओरडला की सगळे गप्प. मालक यजमान होता, आणि शिवी दिलेला पोरगा दोन खुर्च्या सोडून बसलेला दिसत होता. इंटरनेटने मैफल प्रचंड मोठी केली आणि यजमान काढून घेतला.

ज्या खेळांनी यजमानाची आणि श्रोत्याची जागा राखली, तिथे गोष्ट आणि सोबत दोन्ही टिकली. 'बाल्डर्स गेट'मध्ये पहिल्यापासून सहा जण मिळून खेळायची सोय होती. त्याच कंपनीच्या २००२ सालच्या 'नेव्हरविंटर नाइट्स'मध्ये तर एका माणसाला सूत्रधार होऊन दोस्तांसाठी गोष्ट चालवता येत असे. आणि २०२३ साली लॅरियन या बेल्जियमच्या कंपनीचा 'बाल्डर्स गेट ३' आला. तो एकट्याने खेळता येतो, चौघांनीही खेळता येतो. एक जण पात्राशी बोलत असताना बाकीचे शेजारी उभे राहून ऐकतात आणि काय उत्तर द्यावं यावर आपलं मत देतात. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ तोच ठरला. माझ्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. स्टोरी आणि दोस्त एकत्र नांदू शकतात, पण त्यासाठी ऐकण्याची जागा आधीपासून बांधावी लागते. मागून चिकटवलेली खोली गळते.

ऐकण्याला आपल्याकडे शब्द आहे, हुंकारा. आजी गोष्ट सांगायची तेव्हा कुणीतरी 'हं' म्हणत राहायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबायची. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, त्या रात्री आमच्याकडे ना वीज होती ना नेटवर्क. तळमजल्यावरची कुटुंबं वर आली होती. मुलं रडकुंडीला आलेली. मी मेणबत्तीच्या उजेडात अमर अय्यारची गोष्ट सांगायला घेतली, त्याच्या जादूच्या झोळीची, जिच्यात सगळं जग मावतं. थोड्या वेळाने मुलं मध्ये बोलू लागली. अय्यारने आता झोळीतून होडी काढावी, एक जण म्हणाला. मी होडी काढली. पहाटेपर्यंत ती गोष्ट माझी राहिली नव्हती. वरच्या मजल्यावरचा तो मुलगाही त्यात होता. तेव्हा तो लहान होता, आणि सगळ्यात मोठा हुंकारा त्याचाच.

म्हणून सुट्टीत मी एक प्रयोग केला. 'बाल्डर्स गेट'मध्ये नायकाबरोबर आणखी पाच पात्रं असतात. मी मुलाला म्हणालो, यातलं एक मला दे. त्याच्या बहिणीने एक घेतलं. माउस एकच, म्हणून तो हातोहात फिरला. इंग्रजी संवाद मोठे, ते मी मोठ्याने वाचायचो आणि अडलं तिथे मराठीत किंवा उर्दूत सांगायचो. काय उत्तर द्यायचं यावर भांडणं व्हायची. अम्मी आतून ओरडायची, त्या म्हाताऱ्याला मारू नका रे, बिचारा सल्ला देतोय!

चौथ्या-पाचव्या दिवशी मी मुलाला म्हणालो, वरच्या दोस्तालाही बोलाव. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच बोलवा." मी जिना चढून गेलो. तो पोरगा दारात आला, खाली बघत उभा राहिला. मी फक्त एवढंच म्हणालो, बेटा, आमच्याकडे एक पात्र रिकामं आहे.

तो आला. पहिला अर्धा तास दोघेही एकमेकांशी बोलले नाहीत. पडद्यावर नायकाचं नाव होतं. त्याने ते वाचलं आणि विचारलं, "हे कुणाचं नाव?" मुलगा म्हणाला, "माझ्या दादांचं." तो म्हणाला, "भारी आहे." मग थोडं थांबून, अगदी हळू, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं रे." मुलाने उत्तर दिलं नाही. माउस त्याच्याकडे सरकवला.

मी वाचत होतो ते वाचत राहिलो. खोलीत कुणीतरी 'हं' म्हणालं. दोघांपैकी कोण, ते मी वर मान करून बघितलं नाही.